टॅबमध्ये भरलेला आवाज

अजूनही मोबाइलमधून एखाद्या लहान मुलाचा आवाज अचानक कानावर आला, की ती दुपार आठवते. माझ्या नोकरीची अखेरची वर्षं होती. वडवणीच्या बाजूच्या डोंगरपट्ट्यातलं एक पोलीस ठाणं माझ्याकडे होतं.

त्या आठवड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा सगळीकडे पसरली होती. अशा अफवा मी पूर्वीही पाहिल्या होत्या, पण तेव्हा त्या गावोगाव पोचायला दिवस लागायचे. आता त्या प्रत्येकाच्या खिशात एकाच वेळी येऊन पडत होत्या. एका व्हिडिओत कोणी शहाणा ठासून सांगत होता, की टोळीतल्या बायका आधी मुलाचा आवाज मशिनमध्ये भरून घेतात आणि मग त्या आवाजानं त्याच्या भावंडांना घराबाहेर बोलावतात. आम्ही दवंडी दिली, बैठका घेतल्या. माणसं आमच्यासमोर मान डोलवायची आणि घरी जाऊन पुन्हा तोच व्हिडिओ पाहायची.

बाजाराचा दिवस होता. बंदोबस्त आटोपून ठाण्यात येऊन बसतोय, तोच एका मेंढपाळ वस्तीच्या पोलीस पाटलाचा फोन आला. तो दबक्या आवाजात बोलत होता.

"साहेब, एका बाईला शाळेत कोंडलंय. वस्तीवरची एक पोरगी गायब हाय, अन् तिचा आवाज ह्या बाईच्या टॅबात घावलाय. पोरगी न्हाई मिळाली तर बाई जित्ती ऱ्हात न्हाई. मी एकटा किती येळ दार धरू?"

स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगितली, नियंत्रण कक्षाकडे जादा कुमक मागितली आणि हाताशी होते तेवढे अंमलदार घेऊन निघालो. बीडहून कुमक यायला वेळ लागणार, हे जीपमधल्या सगळ्यांना माहीत होतं.

ओरडणाऱ्या जमावाला मी फारसा भीत नसे. ओरडून माणूस दमतो. शाळेपुढचा जमाव गप्प होता. हातात काठ्या, दोघातिघांकडे कुऱ्हाडी, आणि नजरा दारावर. मुलीचा चुलता पुढे आला.

"साहेब, तुमी मधी पडू नका. तिला आमी बोलती करतो."

"बोलतं करायचं काम माझं," मी म्हणालो. "तू दारात उभा राहा आणि कुणाला आत येऊ देऊ नकोस. तिला काही झालं तर पोरगी कुठं आहे ते सांगणार कोण?"

तो थबकला. ज्याचा राग सगळ्यात मोठा, त्यालाच राखणीला उभं करावं, हे मी दंगलींच्या बंदोबस्तात शिकलो होतो. पण हे किती वेळ टिकेल, याचा भरवसा नव्हता.

आत कोपऱ्यात तिशीची एक बाई बसली होती. कपाळ फुटलेलं. पाणी पाजून चौकशी सुरू केली. ती एका संस्थेची सर्वेक्षक होती. मुलांना वाचता येतं का, ते तपासायचं तिचं काम. टॅबवर उतारा उमटायचा, मूल तो मोठ्यानं वाचायचं, टॅब ते साठवून ठेवायचा. मोठी माणसं बाजाराला गेलेली असताना तिनं शाळेच्या ओट्यावर बसून मुलांकडून वाचून घेतलं आणि ती फाट्यावर गेली. एसटीची वाट पाहत आवाज नीट भरलेत का ते ऐकत होती. मुलीची आई बाजारातून आली, तर पोरगी घरात नाही. शोधत फाट्यापर्यंत धावली आणि तिच्या कानावर पोरीचा आवाज पडला, तो या बाईच्या टॅबमधून. आरडाओरडा झाला, माणसं जमली आणि बाईला मारत शाळेत आणून कोंडलं.

"मुलगी कुठं गेली?"

"मला नाही माहीत, सर. वाचून झाल्यावर ती पळाली."

हे खरं असावं असं मला वाटलं. पण माझ्या वाटण्यानं बाहेरच्या कुऱ्हाडी खाली येणार नव्हत्या. बाहेर दोन दगड पत्र्यावर आदळले.

"ते लाव. बारीक आवाजात," मी म्हणालो.

मी टॅब कानाला लावला. मुलीनं अडखळत उतारा पूर्ण केला. पुढे थोडा वेळ नुसती खरखर, आणि मग तीच मुलगी लांबून म्हणाली, "आज्या, थांब की. कोकरू मी घेते."

मुलीच्या आईला एकटीला आत घेतलं. त्या दोघी समोरासमोर आल्या तेव्हा मी मध्ये उभा राहिलो. आईनं ते वाक्य ऐकलं.

"सासरा तर परवाच मेंढरं घेऊन परळीकडं गेलता," ती म्हणाली. "हितं कावून आला?"

चुलत्याला आणि माझ्या हवालदाराला मोटारसायकलवर परळीच्या वाटेवरच्या खिंडीकडे पिटाळलं. ते परत येईपर्यंतचा वेळ माझ्या सगळ्या नोकरीतला सर्वांत मोठा. त्या खिंडीत मोबाइलला रेंज नव्हती. पोरगी तिथं नसली तर? मी दारात उभा होतो, आणि पहिला घाव कुठून येईल एवढंच बघत होतो.

मोटारसायकल आली. दोघांच्या मध्ये पोरगी, तिच्या मांडीवर कोकरू. वाटेत मेंढी व्याली म्हणून म्हातारा पहिल्याच खिंडीत थांबला होता, भाकरी न्यायला वस्तीवर आला आणि नातीला सोबत घेऊन गेला. काठ्या हळूहळू खाली आल्या. मारहाण करणाऱ्यांवर गुन्हा मात्र मी दाखल केलाच.

पंचनामा चालू असताना मुलीची आई त्या बाईपुढे येऊन उभी राहिली.

"ताई, चुकलं आमचं. पण पोरीचा आवाज तेवढा काढून टाका."

बाईनं तिच्यासमोर तो पुसला. मग खाली मान घालून म्हणाली, "इथून गेला. पण फाट्यावर रेंज मिळाली, तेव्हाच तो संस्थेच्या मोठ्या कम्प्युटरवर पोचला असणार."

"ते कुठं असतंय?"

"मला खरंच नाही माहीत."

आईनं माझ्याकडे पाहिलं. चोरीची मेंढरं, दागिने, गाड्या, कितीतरी मुद्देमाल मी मालकांच्या हवाली केला होता. हे कुठून आणून देणार? तेवढ्यात पोरगी कोकरू दाखवत मला काहीतरी सांगायला लागली. नियंत्रण कक्षाला कळवायला काढलेला मोबाइल माझ्या हातात होता. आईनं तो पाहिला आणि पोरीच्या तोंडावर हात ठेवला.

ती टोळी खोटी होती, असं मी अहवालात लिहिलं. अफवेचा तपास करता येतो. त्या आईच्या भीतीतला जेवढा भाग खरा होता, त्याचं काय करायचं, हे मला कळलं नाही. आता माझी नात रोज टॅबसमोर बसून मोठ्यानं वाचते. मी तिला अडवत नाही. तिचं वाचून होईपर्यंत शेजारी बसून राहतो.