मेश्राम काकांचे दिवे

कुणाच्याही घरी गेले की मेश्राम काका आधी छताकडे बघत. परदेशात, शुगर लँड गावी आम्ही चाळीस वर्षांचं जुनं घर घेतलं, तेव्हा शेजारून "जय भीम" म्हणत आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "तुझा पंखा दिव्याच्या डबीला लटकवलाय. ती वजन घेणार नाही. उद्या उतरवू." मूळचे नागपूरचे, इथे एका प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. "दोष लपत नाही, शोधणाऱ्याला धीर पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी स्वतःचं घरही रिनोव्हेट करायला काढलं, कारण काकू सारख्या म्हणत, "घरात अंधार वाटतो जी." काकांनी हॉलमधले पिवळे दिवे काढून एलईडी लावले. शिडी मी धरायचे. बटण दाबून ते काकूंना विचारायचे, "आता?"

"बरं आहे. पण कडेला अंधारच वाटतो."

दुसऱ्या दिवशी काका कडेला आणखी दोन दिवे बसवायचे.

एकदा काकू त्या शिडीवरच आदळल्या. मी म्हटलं, "काका, काकूंचे डोळे चेक करून घ्यायचे का?"

"चष्मा मागच्या वर्षीच बदललाय. घर जुनं आहे, उजेड कमी पडतो, बाकी काही नाही."

मी परत शिडी धरली. आयुष्यभर दोष शोधलेल्या माणसाला मी काय शिकवणार, असं वाटलं.

चार महिन्यांनी गाडी मागे घेताना काकूंनी मेलबॉक्स पाडला, तेव्हा कुठे दोघं डॉक्टरकडे गेले. काचबिंदू निघाला; त्यात आधी कडेची नजर जाते. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली औषधाच्या थेंबांनी टिकवायची होती.

मी भेटायला गेले तर भर दुपारी घरातले सगळे दिवे चालू, आणि काका खुर्चीत बसलेले. "ती रोज सांगत होती," ते म्हणाले, "अन् मी बल्ब बदलत होतो."

काकू आतून म्हणाल्या, "त्यांना जेवायला सांग ना. कालपासून काही खाल्लं नाही."

पुढच्या वर्षी दोघं लेकीकडे, दूरच्या ईडन प्रेरी गावी कायमचे निघाले. सामान गेलं होतं. इतके दिवस मनात साचलेलं मी शेवटी बोलले, "काका, तेव्हा डोळ्यांचं मी परत सांगायला हवं होतं."

त्यांनी काकूंचा हात धरून त्यांना गाडीत बसवलं, पट्टा लावून दिला. मग माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता.

"हो," ते म्हणाले. "सांगायला पाहिजे होतं."