ब्रेक लागले होते

साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात शिरणाऱ्या दरीच्या रस्त्याबद्दल आमच्या सायकलवाल्या मंडळींत एक गोष्ट सांगितली जाते. ती ऐकून ऐकून माझं डोकं उठलं आहे. गोष्ट अशी की, गटातला एक जण त्या उतारावर पडला आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं, कारण आदल्या दिवशी बाजारपेठेतल्या म्हाताऱ्या मिस्तरीने त्याचे ब्रेक नीट बसवले नव्हते.

हे साफ खोटं आहे. मी त्या दिवशी तिथे होतो. खोटं मी सुरू केलं नाही, पण सहा-सात महिने ते माझ्यासमोर बोललं गेलं आणि मी चहा पीत बसलो. या वयात आता एवढं तरी नीट लिहून ठेवावं म्हणतो.

मिस्तरी आणि मी समवयस्क. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं, मी भाऊ म्हणतो. मी नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा घरात बसून सगळ्यांच्या कामात नाक खुपसायला लागलो होतो. सायकल दुरुस्तीला नेली तर भाऊ म्हणाले, "नाना, सायकल बरी शे. चालवनारा गंजी गया." त्या टोमण्यावरून आमचं दोघांचं सायकलवर डोंगरात जाणं सुरू झालं. त्यांचं दुकान शुक्रवारी बंद, म्हणून आमचा वार शुक्रवार. उजाडताना निघायचं आणि जुम्म्याच्या नमाजाआधी परतायचं.

रस्ता कसा आहे, ते हल्ली सगळे फोटो टाकून सांगतात, तेही अर्धवट. मोठा रस्ता सोडला की आधी भुईमुगाची, मग भाताची लहान लहान शेतं लागतात. मग चढ. चढ लांब आहे, पण दुष्ट नाही. माथ्यावर साग आणि पळस आहेत, आणि तिथून रस्ता एकदम दरीत उतरतो. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला खोल नाला. तळाशी फरशी पूल. पुलापलीकडे पुन्हा तसाच चढ, आणि मग दोन-तीन पाडे. शुक्रवारी त्या दरीत आमच्या साखळ्यांचा आवाज सोडून काही ऐकू येत नसे. भाऊ उतारावर मोठ्याने बोलत. माझ्या सीटची उंची चुकीची आहे, यावर त्यांचं बोलणं संपतच नसे. मला ती उंची बरोबर वाटे. अजूनही वाटते.

आता मुद्द्याची गोष्ट. शुक्रवार हा खालच्या गावाचा बाजाराचा दिवस. आमच्या भागात मजुरांची सुट्टी रविवारी नसते, बाजाराच्या दिवशी असते. पाड्यावरची माणसं जीपमध्ये कोंबून बाजाराला गेलेली असत. पुलापलीकडे दरीच्या वर एक खडीमशीन आहे, तेही त्या दिवशी बंद. तिथले मजूर आम्हाला वाटेत भेटत, डोक्याला तेल लावलेले, धुतलेला शर्ट घातलेले. कोणी विचारी, "आबा, बाजारले नहीत का?" भाऊ म्हणत, "आमना बाजार डोंगरवर शे." हे दर शुक्रवारी घडे. रस्ता रिकामा का आहे हे कोणी शोधून काढायची गरज नव्हती. ते कारणच आमच्या समोरून हात हलवत जात होतं.

पुढे गावात सायकलवाल्यांचा गट झाला. शिक्षक, औषध दुकानदार, दवाखान्यातले दोघे, धुळ्याहून येणारे काही. हेल्मेट, काळे चष्मे, गिअरच्या सायकली. सगळे नोकरी-धंद्याचे, म्हणून त्यांचा वार रविवार. हमरस्त्यावर ट्रकांना कंटाळून त्यांनी विचारलं, "नाना, एखादा शांत रस्ता सांगा ना." मला कोण आनंद! मी फोनवर लांबलचक निरोप बोलून पाठवला. चढ सांगितला, वळणं सांगितली, पाणी कुठे मिळेल तेही सांगितलं. शेवटी म्हणालो, रस्त्याला एकही गाडी नसते.

गट त्या रस्त्याने जाणार होता, त्याच्या आदल्या संध्याकाळी भाऊंच्या दुकानात सगळ्यांच्या सायकलींची तपासणी चालली होती. भाऊंनी मला कोपऱ्यात घेतलं. "नाना, उद्या ऐतवार शे."

"मग?"

"मग काय! मशीन चालू राही. डंपर उतरतीन. पोरांले शुक्रवारले या म्हना."

"त्यांना शुक्रवारी सुट्टी नसते, भाऊ."

"तं त्यांले सांगा तरी."

मी सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रस्ता बदलला असता, आणि या रस्त्यावर पुढे कोण चालणार होतं? मीच. म्हातारपणी एखाद्याला दहा माणसं मागे घेऊन निघायला मिळतं, तेव्हा त्याची अक्कल कुठे जाते, मला विचारा. शिवाय सकाळी लवकर डंपर नसतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कशाच्या जोरावर, देव जाणे.

पहिल्या उतारावरच डंपर आला. कातळाच्या वळणावरून, खडीने भरलेला, रस्त्याच्या मधोमध. मी कातळाला चिकटलो. माझ्या मागच्या तरुणाने दोन्ही ब्रेक दाबले, चाकं जागच्या जागी थांबली, मुरुमावर सायकल आडवी झाली आणि तो कडेच्या चरात पडला. डंपरवाला थांबला, उतरला, आमच्यावरच ओरडला, "ऐतवारले कोन येस इकडे!" सगळ्यांनी ऐकलं. पण नंतर हे कोणालाही आठवलं नाही.

त्या तरुणाला दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत कोणीतरी म्हणालं, ब्रेक कालच बदलले होते ना? दुसऱ्या दिवशी ते झालं, ब्रेक लागले नाहीत वाटतं. आठवड्यात झालं, चाचांना आता दिसत नाही नीट. आणि पडलेल्या माणसाला स्वतःला पडतानाचं काही आठवत नव्हतं, म्हणून त्यानेही मान हलवली. गटातल्या सायकली धुळ्याला दुरुस्तीला जाऊ लागल्या. मग गटाबाहेरच्याही. लोकांनी शाळेच्या पोरींच्या सायकलीसुद्धा दुसरीकडे नेल्या.

भाऊंनी मला काही विचारलं नाही. शुक्रवारी ते यायचे बंद झाले, एवढंच. मी हाक मारली की म्हणत, "गुडघा दुखस."

शेवटी मी बोललो, तेही मोठं धैर्य म्हणून नाही. रविवारच्या चहाच्या टपरीवर एका शहाण्याने नव्या माणसाला सल्ला दिला, "सायकल कुठेही दाखव, फक्त त्या चाचांकडे नको." माझा संताप झाला. त्याच्यावर कमी, माझ्यावर जास्त. मी सगळं सांगितलं. शुक्रवार, बाजार, खडीमशीन, कोपऱ्यातलं बोलणं.

मग एक म्हणाला, "जाऊ द्या नाना, झालं गेलं."

"तुझं काय गेलं?" मी ओरडलो. "दुकान त्यांचं रिकामं झालंय."

खांदा मोडलेला तरुण तिथेच होता. त्याने विचारलं, "म्हणजे माझे ब्रेक लागले होते?"

"लागले म्हणून तू चरात पडलास. नसते लागले तर डंपरखाली गेला असतास."

तो उठला, सायकल घेतली, माझ्याबरोबर थेट दुकानात आला आणि टपरीवर मी काय बोललो ते भाऊंना सांगितलं. वाटलं, आता भाऊ रागावतील, रडतील, मिठी मारतील, काहीतरी करतील. त्यांनी त्या सायकलीचं चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "हे धुळ्यात कोन्ही बसाडं? गाढवनी बसाडं." मग माझ्याकडे वळले. "नाना, टपरीवर सांगं ना? आते आठे सांगा. रस्तावर. जोरमा."

मी सांगितलं. शेजारचा शिंपी मशीन थांबवून ऐकत होता. भाऊंनी दुकानाबाहेर एक स्टूल ठेवलं आणि मला त्यावर बसवलं. तेव्हापासून रोज सकाळी मी तिथे असतो. कोणीही हवा भरायला आलं की भाऊ आतून ओरडतात, "नाना, याले सांगा!" मी सांगतो. ऐकणाऱ्याला घाई असते, अर्ध्यांना कोणता अपघात तेही माहीत नसतं. चिडून मी एकदा म्हणालो, "भाऊ, किती दिवस?" ते म्हणाले, "तुम्ही चूप होतात तितला दिन."

काल एक बाई लहान मुलीची तीनचाकी घेऊन आल्या. तिचं मागचं चाक निघालं होतं. तिला ब्रेक नव्हतेच. तरी मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं.