कोपऱ्यातला म

लाईट काही सांगून जात नाही. आधी पंखा मंदावतो, मग शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा थांबतो, आणि माझ्या लॅपटॉपची म्हातारी बॅटरी घाबरून लॅपटॉपला झोपवून टाकते. लाईट आली की तो जागा होतो, पण कुलूप लावून. त्या कुलपाला पासवर्ड लागतो आणि पासवर्ड आहे इंग्रजीत. लाईट गेली तेव्हा मी मराठीत टाइप करत असलो तर कीबोर्ड मराठीतच अडकून बसतो. एरवी दोन बटणं दाबली की भाषा बदलते, कुलपाच्या पडद्यावर मात्र ती बटणं ढिम्म. पडद्याच्या कोपऱ्यात बारीकसा 'म' दिसतो म्हणे. त्याच्यावर माउसने टिचकी मारली की इंग्रजी होतं.

'म्हणे' म्हणायचं कारण, तो 'म' मी कधी पाहिलेला नाही. काचबिंदूने माझे दोन्ही डोळे गेले त्याला बरीच वर्षं झाली. लॅपटॉप मी कानांनी चालवतो. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्यात आहे, आणि नेमका या कुलपापाशी येऊन तो मुका होतो. जबरदस्तीने बंद करून परत चालू केलं तर टाइप केलेलं जातं आणि वर हा मुका तो मुकाच. त्यालाही मग माउसनेच उठवावं लागतं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी खुर्चीत.

एकदा अगदी असह्य झालं तेव्हा मी खिडकीतून शेजारच्या फळवाल्या चाचांना हाक मारली. ते गाडा तसाच सोडून आले, लॅपटॉपसमोर वाकले. पपईचा वास आला.

"काय दिसतंय, चाचा?"

"घड्याळ दिसतंय, भाऊ. साडेअकरा."

"कोपऱ्यात म हाय का बघा."

"कोनत्या कोपऱ्यात? चार कोपरे हायेत." मग त्यांनी चारही कोपऱ्यांत टिचक्या मारल्या आणि लॅपटॉप बंद केला. "झालं भाऊ, गेलं घड्याळ," असं समाधानाने म्हणून ते गाड्याकडे परतले. त्या दिवशी सकाळपासून टाइप केलेलं सगळं गेलं. चाचांवर रागावणार कसा? मी भिंतीवर रागावलो.

डोळे होते तेव्हा मी इथेच, अंबाजोगाईत, एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरायचो. डोळे गेले आणि माझ्याविषयी विचारणाऱ्यांना घरचे दबक्या आवाजात सांगू लागले, "घरीच बसून असतात." आपल्या भाषेत हे 'बसणं' मोठं वाईट आहे. धंदा बसतो, घर बसतं, आवाज बसतो. माणूस बसला की तो त्यांच्याच रांगेत जातो. मला त्या शब्दाची चीड होती, अजूनही आहे.

त्या बसण्यातून मला एका जुन्या मित्राने उठवलं. त्याने हा लॅपटॉप दिला, त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली घालून दिली, बोलका प्रोग्राम लावून दिला. विद्यापीठातल्या एक बाई ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या मुलाखती गोळा करत होत्या. ते ध्वनिमुद्रण ऐकून टाइप करायचं काम मला मिळालं. तेलगावच्या, तलवाड्याच्या बायका दिवसभर माझ्या कानात बोलायच्या. कोण कुठे थांबली, कुणाचा श्वास कुठे अडकला, मी सगळं टिपायचो. कंसात लिहायचो: थांबते. हसते. बोलणं टाळते. बाई म्हणाल्या होत्या, डोळसांना एवढं ऐकू येत नाही. त्या वाक्यावर मी कित्येक महिने ऐटीत होतो.

बायको इथल्या दवाखान्यात नर्स आहे. कुलूप पडलं की तिच्या ड्यूटीची वेळ संपेपर्यंत मी बसून. ती यायची, चप्पल काढायच्या आधी लॅपटॉपकडे जायची, एक टिचकी मारायची आणि म्हणायची, "उगडलं बघा." लॅपटॉप बोलू लागायचा. तोवर दिवस गेलेला असायचा.

शेवटी मी बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, नोंदवला. लिनक्सवाल्यांत अशी रीत आहे की तक्रार सगळ्यांसमोर मांडायची. आपण काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, असं रकान्या-रकान्यांत लिहायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दाखवलेला माणूस मी, मला तर उत्साहच चढला. इंग्रजीत एकेक वाक्य घासूनपुसून लिहिलं. शेवटचा रकाना होता 'सध्याचा तोडगा'. म्हणजे बग सुटेपर्यंत तुम्ही काम कसं निभावता? तिथे मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'बायको घरी असली की ती माउसने उघडून देते.'

कुठल्याशा थंड देशातून उत्तर आलं. माणूस सभ्य होता. त्याने आभार मानले आणि लिहिलं, तोडगा उपलब्ध असल्यामुळे तातडी कमी केली आहे. शिवाय पडद्याचा फोटो जोडावा, म्हणजे नेमकं काय दिसतं ते कळेल. प्रोग्रामने मला हे त्याच्या नेहमीच्या सपाट सुरात वाचून दाखवलं. मी त्याला ते पुन्हा वाचायला लावलं. मग लिहिलं, 'मला काहीच दिसत नाही, साहेब. म्हणून तर हा प्रोग्राम आहे.'

बिचारा फार ओशाळला. माफी मागून म्हणाला, मग आवाज मुद्रित करून पाठवा. कुलूप पडल्यापासून पासवर्ड टाकेपर्यंत काय ऐकू येतं ते आम्हालाही ऐकू द्या.

हे मात्र मला जमणारं होतं. बायकोच्या सुट्टीचा दिवस बघितला, कारण नंतर उघडायला कुणी हवं. फोन लॅपटॉपशेजारी ठेवून मुद्रण चालू केलं आणि मुद्दाम कुलूप लावलं. बटणं दाबली, पासवर्ड टाकला, थांबलो, पुन्हा टाकला. सगळा जीव लॅपटॉपच्या स्पीकरमध्ये. ती स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होती, कुकर चढलेला होता. झाल्यावर तिला हाक मारून कुलूप उघडून घेतलं आणि फाइल तशीच पाठवली. ऐकून बघितली नाही. शांतता काय ऐकायची?

काही दिवसांनी उत्तर आलं. त्याने कान देऊन ऐकलं होतं. म्हणाला, मध्ये एका बाईचा आवाज येतो, हळू, पण बराच वेळ. तो तुमच्या बोलक्या प्रोग्रामचाच आवाज आहे का? असेल तर प्रोग्राम काम करतो आहे आणि हा बग बंद करावा लागेल.

मी कपाळावर हात मारला. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक, म्हणालो. मग कानात इअरफोन घातले आणि ती फाइल लावली. आधी बटणांची टकटक. मग कुकरची शिट्टी. आणि शिट्टीच्या मागे बायकोचा आवाज.

"न्हाई गं. यादीत नाव हाय की माझं. ह्यांना म्हनलं, यंदा यादीच आली न्हाई. कावून म्हंजी? सा म्हैने पुन्याला गेले तर ते यंत्र कोन उगडनार? लाईट गेली की दिसभर बसून ऱ्हात्यात. तोंड बगवत न्हाई त्यांचं."

इथे ती थांबते. माझी बोटं सवयीने कंस उघडायला गेली.

"आता मी अडकले ती अडकले. तू काई बोलू नगं ह्यांच्याशी."

आणि तिथून पुढे माझी टकटक. पुन्हा पासवर्ड, पुन्हा पासवर्ड.

ऑपरेशन थिएटरचं ते पुण्याचं ट्रेनिंग तिला कधीपासून हवं होतं. लग्नाच्या आधीपासून बोलायची. यादी आली नाही म्हणाली तेव्हा मी "असू दे, पुढच्या वर्षी" म्हणून मोकळा झालो होतो. तलवाड्याच्या अनोळखी बाईचा श्वास मला ऐकू येत होता. माझ्या घरातलं बोलणं ऐकायला मात्र थंड देशातला, मराठीचा गंध नसलेला माणूस लागला. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती. कारण ती गेली तर काय होणार हेही मला त्याच वेळी कळत होतं.

ती ड्यूटीवरून आली, सवयीने लॅपटॉपकडे वळली.

"चालू हाय," मी म्हणालो. "यादी आलीय म्हनं."

ती जागच्या जागी उभी राहिली. "कोन म्हनलं?"

"तूच." मग सगळं सांगितलं.

"म्हंजी माझं बोलनं साऱ्या जगानं ऐकलं?" ती चिडली होती.

"तेंला मराठी येत न्हाई गं. तेंला वाटलं, तू म्हंजी तो प्रोग्राम हायेस."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मग चुकलं काय त्येचं?"

ती हातपाय धुऊन आली. जेवताना मी विचारलं, होकार कळवायची मुदत गेली का? म्हणाली, परवापर्यंत आहे.

"मग कळव."

"आनि तुमी?"

"मी बसंन," मी म्हणालो. तो शब्द आपल्या तोंडून निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ती जेवायची थांबल्याचं मला कळलं, आणि मग ताटात पुन्हा हात फिरल्याचंही.

दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाला लिहिलं. तो आवाज प्रोग्रामचा नाही, माझ्या बायकोचा आहे. प्रोग्राम मुकाच आहे. मग नोंदीतला शेवटचा रकाना उघडला, बायको उघडून देते हे वाक्य एकेक अक्षर करत पुसलं. प्रोग्राम प्रत्येक पुसलेलं अक्षर मोठ्याने म्हणतो, त्यामुळे ते सगळं मला उलटं ऐकावं लागलं. त्या जागी लिहिलं, 'तोडगा नाही.'

तातडी एका पायरीने वर गेली. बग अजून सुटलेला नाही. न सुटलेल्या बगाला ते लोक 'उघडा' म्हणतात. म्हणजे बग उघडा आणि कुलूप बंद, असं आमचं चाललं आहे. बायको पुण्याला गेल्यावर मुलाखतींचं निम्मं काम बाईंनी दुसरीकडे दिलं. मीच तसं सुचवलं, तरी त्यांनी इतक्या पटकन 'बरं' म्हटलेलं मनाला लागलं. चाचा आता तरबेज झाले आहेत. गाडा आवरून झाला की संध्याकाळी येतात, "म घावला, भाऊ" म्हणतात आणि बरोबर टिचकी मारतात. पण संध्याकाळ व्हायला दिवस जावा लागतो.

आज सकाळी पट्टा थांबला तेव्हा मी एका वाक्याच्या मध्यात होतो. लाईट लगेच आली, कुलूप ठेवून. दुपारी पुण्याहून फोन आला. तिच्यामागे भांड्यांचा आवाज होता, बऱ्याच बायका एकदम बोलत होत्या. तिची जेवणाची सुट्टी असावी.

"काय करताय?"

"काय न्हाई."

"लाईट गेलती का?"

"गेलती."

"मग?"

"मग काय," मी म्हणालो. "बसलोय."

मागून कुणीतरी तिला हाक मारली, थिएटरमध्ये बोलावलंय म्हणून.

"जा," मी म्हणालो.