डोक्याचा भार

आडवं झाल्यावरही काही माणसं आपलं डोकं स्वतःच पेलत राहतात, हे मला शेजारच्या सुमनताईंमुळे कळलं. मी क्रेनिओसॅक्रल उपचार नुकतेच शिकले होते. त्यात चोळणं-दाबणं नसतं. डोक्याखाली हलकेच तळवे ठेवून शांत बसायचं असतं. अंथरुणाला खिळलेल्या यजमानांना उचलून-वळवून ताईंची मान आखडली होती.

"ताई, भार टाका माझ्या हातांवर."

"टाकलाय की गं!" त्या म्हणाल्या. पण तळव्यांवर वजनच नव्हतं.

मी तळवे तसेच ठेवले. बऱ्याच वेळानं डोकं एकदम जड झालं आणि त्या चक्क घोरू लागल्या. वाटलं, बरं होणं पुढची गोष्ट; कुणीतरी आपल्याला धरलंय, एवढं आधी शरीराला पटायला हवं.

माझी बोटं बधिर झाली होती, तरी हात काढून घ्यावेसे वाटले नाहीत.