निळ्या रंगाखालचे सात बोल्ट

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांना काही सुचेना, म्हणून त्यांनी बोट घेतली. शिडाची. वर्धा जिल्ह्यात! मुंबईकडून ट्रकवर लादून आणली तेव्हा सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीतल्या बाया विचारायच्या, "काकू, हे काय आणलं वो?" मी सांगायची, "सवत." वर्षातून चार-सहा वेळा ती धरणावर जाई. बाकी सारे दिवस अंगणात लोखंडी घोडीवर उभी, आणि तिची धूळ पुसायची कोणी? मी.

पुसता पुसताच मला ते दिसलं. या बोटीच्या पोटाखाली लोखंडाचं एक जड पातं असतं, त्याला कील म्हणतात. वारा दाबायला लागला तरी त्या वजनामुळे बोट उलटत नाही. आमचं पातं सात बोल्टांनी बोटीला आवळलेलं होतं. पातं आणि बोट यांच्या सांध्यातून तपकिरी पाणी ओघळायचं. पुसलं की आठ दिवसांत त्याच जागी पुन्हा हजर. ह्यांचा इलाज काय, तर रंग! पोळ्याला आंजी गावी थोरल्या दिरांकडे बैलांची शिंगं रंगवायची, आणि डब्यात उरलेला निळा रंग आणून इथे सांध्यावर फासायचा. इंजिनिअर माणूस! बैलाच्या शिंगाला आणि बोटीच्या सांध्याला एकच औषध. आत शिरलेली ओल आतच कोंडून ठेवायची, याला म्हणे देखभाल.

यंदा उन्हाळ्यात लेक आणि सात वर्षांची नात आल्या. ह्यांनी लगेच जाहीर केलं की रविवारी नातीला बोटीतून फिरवणार. आजवर मी त्या पोरीला बोटीत पाऊल टाकू दिलं नव्हतं. म्हटलं, "आधी एक बोल्ट खोलून दाखवा. तवरी माही नात त्याच्यात बसत नाई."

"तुले काय समजते त्याच्यातलं?" हे म्हणाले. "नट पाय कसे चमकून राह्यले. स्टील हाय ते. स्टीलले गंज लागते काय?"

लागतो. डब्याच्या झाकणाचं रबर काढून बघा एकदा. वरून डबा चकचकीत, आणि रबराखाली, जिथं ओल अडकते आणि हवा लागत नाही, तिथं बारीक काळी भोकं. चाळीस वर्षं मी भांडी घासतेय. ह्यांनी एकदा तरी ते रबर काढलंय? हे सगळं सांगितलं तर हसले. "आता डबा अन् बोट एकच झालं काय वं?"

शनिवारी सकाळी तज्ज्ञ मंडळ आलं, म्हणजे ह्यांचे दोन मित्र. एकाने हातोडीने नट ठोकून कान लावला. दुसऱ्याने मोबाइलवर फोटो काढले. मग माझा चिवडा संपवला आणि निकाल दिला, "एक नंबर!" पान्याला कोणी हात लावला नाही. नखं काळी होतात ना!

मी गुपचूप भावाला फोन लावला. तो हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. "बाई, म्या जन्मात बोट नाई खोलली," म्हणाला, पण दुपारी हत्यारं घेऊन आला. आधी पात्याखाली लाकडी ठोकळे ठोकून त्याने वजन त्यांच्यावर घेतलं, मग वर बोटीत चढून पहिल्या नटाला पाना लावला. हे खुर्ची टाकून तमाशा बघत बसलेले.

"मोडलं त भरून द्या लागन बरं का!"

पाना अर्धा फिरला आणि एकदम सैल पडला. भावाने नट उचलला तर त्याच्यासोबत वीतभर बोल्टच हातात आला. वरचा भाग कोरा करकरीत. आणि सांध्याच्या जागी कुरतडलेला, काळा, शिसपेन्सिलीहून बारीक होऊन तुटलेला.

किती दिवसांचं साचलं होतं माझ्या जिभेवर! तोंड उघडलंच होतं मी. पण ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाकीचे बी खोल," ते भावाला म्हणाले.

दिवस मावळेपर्यंत सातही निघाले. त्यातले धड फक्त दोन.

"उद्या नाई नेत तिले," हे म्हणाले.

"नेऊन त दाखवा!" मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. "संक्रांतीच्या सुट्टीत नेलं होतं. तुमी मायलेकी दिवसभर आंजीले गेलत्या तवा. आजीले सांगू नोको म्हटलं होतं तिले." मग एक तुटका बोल्ट उचलून म्हणाले, "वारा लय होता त्या दिवशी. बोट कलली का टाया पिटे, म्हणे, आबा, अजून."

इतका राग मला जन्मात आला नव्हता. बोटीची धूळ पुसायचं फडकं मी त्यांच्या अंगावर फेकलं.