पांढऱ्या साडीतला फोटो

"लग्नाचा फोटो आणा म्हटलं होतं बाई. हा तर शोकसभेचा दिसतो."

घाटकोपरच्या मोबाइल कंपनीच्या गॅलरीतला मॅनेजर हे मोठ्याने बोलला. काउंटरवरची मुलगी हसली. रांगेतल्या बायकांनी माना वाकड्या करून फोटो पाहिला. मी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या सदऱ्यात, समोर बुद्धमूर्ती आणि मेणबत्त्या. आमच्यात लग्न असंच लागतं. पांढऱ्यातच. त्रिशरण, पंचशील म्हटलं की झालं.

नवरा जाऊन महिना झाला होता. त्याचा नंबर मला माझ्या नावावर करून घ्यायचा होता. मानखुर्दला आम्ही पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचो. तो मोटार खोलायचा, तांब्याची तार मी गुंडाळायची. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मोटारीवर आमचा स्टिकर. त्यावर नाव नाही, फक्त तो नंबर. नंबर गेला की गिऱ्हाईक गेलं, मग चूल कशी पेटायची? मृत्यूचा दाखला मी नेला होता. पण माझ्या आधारवर अजून वडिलांचं नाव, आणि लग्नाची नोंद आम्ही कधी केलीच नव्हती. दाखला नसेल तर लग्नाचा फोटो तरी दाखवा, असं मॅनेजरच आदल्या खेपेला म्हणाला होता.

त्याने आधारवरचं आडनाव पुन्हा वाचलं. आवाज खाली आणला.

"तुमच्या लोकांत कोण कोणाची बायको, आम्ही कसं ओळखायचं?"

फोटो पदराखाली घेऊन बाहेर आले आणि बसस्टॉपवर बसून रडले. नवरा गेला त्या दिवशीही अशी रडले नव्हते. त्या दिवशी माणसं होती सोबत.

शेजारीण म्हणाली, भांडत काय बसतेस, फोटोच बदलून घे. तिनेच मला ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडे नेलं. त्याने कॉम्प्युटरवर माझी साडी हिरवी केली. कपाळावर मुंडावळ्या बांधल्या. नवऱ्याला फेटा घातला. मूर्ती पुसून तिथे होम पेटवला.

"बघा ताई, झकास झालं ना? आता कोण नाय बोलणार."

मी बघत राहिले. फेट्याखालचा माणूस माझा नव्हता. महिन्यापूर्वी मी त्याला पोचवून आले होते. आता खुर्चीत बसून दुसऱ्यांदा पोचवत होते, आणि या वेळी माझ्याच मर्जीने. माझीच मला किळस आली.

"पुसून टाक," मी म्हटलं. "सगळं पुस."

दुसऱ्या दिवशी तोच पांढरा फोटो मी काउंटरवर ठेवला.

"हे माझं लग्न आहे. नाही म्हणायचं असेल तर तसं लिहा आणि खाली सही करा."

मॅनेजर हसला नाही. त्याने लिहूनही दिलं नाही. सिस्टिम बंद आहे, नंतर या, म्हणाला.

अजून नंबर माझ्या नावावर झालेला नाही. फोन मात्र वाजतो. भाऊ आहेत का, म्हणून लोक विचारतात. भाऊ वारले, आता मोटार मी करते, असं सांगते.

दर सोमवारी मी गॅलरीत जाते. तोच फोटो ठेवते, तेच बोलते. उद्या त्यांनी नंबर बंद केला तर नवे स्टिकर छापीन आणि दारोदार जाऊन चिकटवीन. लग्न मात्र दुसरं छापणार नाही.