ब्रॉडबेंटच्या शॉवरचा दाखला

क्लिफर्ड ब्रॉडबेंटनं नोकरीभर बसमधली तिकिटं तपासली आणि निवृत्त झाल्यावर गल्ली तपासायला घेतली. क्रॅगली गावातल्या त्या चढाच्या गल्लीत कुणाचं कुंपण चार बोटं उंच वाढलं, कुणी कचऱ्याची कुंडी भलत्याच वारी बाहेर ठेवली, की गेलंच याचं पत्र कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला! आणि पत्र कसं? खाली पूर्ण नाव, घर नंबर, पोस्टकोड. निनावी तक्रारींचा त्याला भारी तिटकारा. "नाव सांगायची छाती नसेल तर तोंड उघडू नये," असं तो म्हणायचा. शेजारी समोरून "काय क्लिफर्ड, कसं काय?" करत आणि त्याची पाठ वळली की जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माणूस वाईट नव्हता हो. बायकोवर कधी आवाज चढवला नाही. फक्त आपण बरोबर आहोत हे रोज एकदा कुणीतरी सांगितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे, आणि ते सांगायचं काम डोरीनकडे होतं.

त्या डोरीनचे गुडघे पार कामातून गेले होते. न्हाणीघर वर, स्वयंपाकघर खाली आणि मधला जिना शिडीसारखा उभा. ती पाठमोरी उतरायची, कठडा दोन्ही हातांनी धरून, आणि तोंडातून हूं की चूं नाही. क्लिफर्डला ते बघवायचं नाही, म्हणून तो नेमका तेव्हाच गुलाबांना पाणी घालायला जायचा. अशात हॉर्नसीला, समुद्राकाठी, तिच्या बहिणीच्या म्हणजे मार्जरीच्याच गल्लीत एक बैठं घर विकायला निघालं. घरभर एक पायरी नाही! ते बघून परत येताना डोरीन गाडीत चक्क गुणगुणली. इकडचं घरही एका तरुण जोडप्यानं पसंत केलं. सगळं कसं जुळून आलं होतं.

तेवढ्यात त्या जोडप्याच्या वकिलानं विचारलं, "वरच्या विजेच्या शॉवरचा दाखला कुठाय?"

क्लिफर्डच्या तोंडचं पाणी पळालं. न्हाणीघरात नवी वायर ओढायची तर आधी कौन्सिलला कळवायचं, नाहीतर नोंदणीवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करून त्याचा दाखला घ्यायचा, हा कायदा. शॉवर बसवला होता डोरीनच्या भावानं, केनेथनं, एका रविवारी, मजुरी म्हणून मटणाच्या तंगड्या आणि बिअर घेऊन. क्लिफर्डनं तेव्हा दाखल्याचं विचारलं होतं, नाही असं नाही. केनेथ हसला होता आणि उरलेली तंगडी त्यानं स्वतःच्या ताटात ओढली होती. आता केनेथला जाऊन तीन वर्षं झालेली. दाखला मागायचा कुणाकडे?

"अहो, एवढं काय त्यात!" ब्रॉडबेंटांची स्वतःची वकील मिस हॅरप फोनवर म्हणाली. "या गावातल्या निम्म्या घरांना दाखला नाही. विम्याची छोटीशी पॉलिसी मिळते. उद्या कौन्सिलनं काही काढलंच तर विमा कंपनी बघेल. तासाभराचं काम. अट एकच. कौन्सिलला यातलं अवाक्षर कळता कामा नये. तुम्ही नुसती चौकशी केलीत तरी पॉलिसी मिळणार नाही."

"म्हणजे लपवल्याबद्दल विमा?" क्लिफर्ड म्हणाला.

"गप्प बसल्याबद्दल," मिस हॅरप म्हणाली.

डोरीननं त्याच्या हातातून फोन घेऊन खाली ठेवला आणि नवऱ्याकडे रोखून बघितलं. "क्लिफर्ड, आयुष्यात काही मागितलं नाही तुझ्याकडे. एवढा आठवडा मिठाची गुळणी धर."

त्यानं धरली. सोमवारी धरली, मंगळवारी धरली. बुधवारी डोरीन केस कापायला गेली आणि हा फोनपाशी घुटमळायला लागला. ज्या माणसानं लोकांच्या चार बोटं वाढलेल्या कुंपणाला माफ केलं नाही, त्यानं स्वतःच्या छपराखाली बेकायदा शॉवर ठेवून गप्प बसायचं? एक चौकशी, त्यानं ठरवलं. सर्वसाधारण. नाव न घेता.

"समजा, एखाद्या माणसाच्या घरी शॉवर आहे, पण दाखला नाही," त्यानं फोनवर कौन्सिलच्या बाईला सांगितलं.

"समजा-बिमजा राहू दे, काका. पोस्टकोड सांगा."

तिथेच फोन ठेवायचा ना! तुम्ही-आम्ही ठेवला असता. पण नाव न सांगता फोन ठेवायचा म्हणजे निनावी व्हायचं, आणि निनावी तर भेकड लोक असतात. क्लिफर्डनं पोस्टकोड सांगितला, घर नंबर सांगितला, आडनावाची अक्षरंसुद्धा एकेक करून सांगितली.

"ब्रॉडबेंट?" पलीकडे खुर्ची सरकली. "अगं ए, इकडे ये गं, कुंपणवाले ब्रॉडबेंट आहेत! त्यांच्याकडेच दाखला नाहीये! हां काका, बोला, बोला. अगदी सावकाश बोला."

मिस हॅरपनं कपाळावर हात मारला तो फोनवरसुद्धा ऐकू आला. पॉलिसी गेली. डोरीनला घरी आल्या आल्या सगळं कळलं. तिनं कोट काढला, खुंटीला लावला आणि जिना चढायला लागली.

आता खरा दाखला मिळवणं आलं, म्हणून डॅरन नावाचा नोंदणीवाला इलेक्ट्रिशियन आला. त्यानं यंत्र लावून सगळं तपासलं आणि शीळ घातली. "कुणी केलंय हे? झकास काम आहे. कुठे बोट ठेवायला जागा नाही."

"मग दे दाखला," क्लिफर्ड म्हणाला.

"मी कसा देऊ? मी कुठे केलंय? दुसऱ्याच्या कामावर मी सही करत नाही, आमच्या धंद्यातलं कुणीच करणार नाही."

"पण बरोबर आहे म्हणालास ना?"

"बरोबरच आहे की. पण सही माझ्याच कामावर. ही वायर काढतो, अश्शीच नवी घालतो, मग देतो."

म्हणजे धडधाकट वायर उपटायची आणि तशीच वायर परत घालायची. त्यासाठी डोरीननं हौसेनं निवडलेल्या फरशा फोडायच्या. आणि डॅरनला सवड कधी? ईस्टरच्या सणानंतर, म्हणजे कित्येक आठवड्यांनी.

ईस्टर झाला. फरशा फुटल्या. वायर गेली, वायर आली. दाखला आला, चांगल्या जाड कागदावर. आणि त्याच आठवड्यात हॉर्नसीच्या त्या घराची म्हातारी मालकीण म्हणाली, माफ करा, मला मुलाकडे जायचंय, किती थांबू? घर दुसऱ्यांना गेलं.

क्लिफर्ड दाखला हातात धरून स्वयंपाकघरात उभा राहिला. "निदान आता आपण बरोबर तरी आहोत," तो म्हणाला.

डोरीन बटाटे सोलत होती. "तू बरोबर आहेस. तू नेहमीच बरोबर असतोस, आणि जिना मी चढते." तिनं सुरी खाली ठेवली. "हे घर त्या जोडप्याला विकून टाकायचं. मी शनिवारी मार्जरीकडे चाललेय, तिची पुढची खोली तळमजल्यावर आहे. यायचं तर ये. पण तिच्या घरातली वायरिंग तिच्या दूधवाल्यानं केलीये, आधीच सांगते."

क्लिफर्डला काहीतरी बोलायचं होतं. ओठापर्यंत आलंही होतं. मग त्याचं लक्ष तिच्या गुडघ्यांकडे गेलं, बँडेजवरून मोजे ताणून बसवलेले ते गुडघे, आणि पहिल्यांदाच गुलाबांना पाणी घालायला जावंसं वाटलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

शनिवारी मार्जरीनं पुढच्या खोलीत चहासाठी विजेची किटली लावली. दिवे मंद झाले, दोनदा मिचमिचले आणि परत लागले. भिंतीतून करपल्यासारखा बारीक वास आला. दोघी बहिणी हातातली बिस्किटं तशीच धरून क्लिफर्डकडे बघायला लागल्या.

क्लिफर्डनं भिंतीकडे बघितलं. मग त्यानं पुढ्यातला कप उचलला.

"चहा फक्कड झालाय, मार्जरी," तो म्हणाला. किटलीला अजून उकळी फुटायची होती.